राष्ट्रकूट आणि राहुट्या

कंधारच्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, राष्ट्रकूटांची वंशावळ घडाघडा म्हणून दाखवेल. दंतिदुर्ग, कृष्ण, गोविंद, ध्रुव, परत एक गोविंद, मग अमोघवर्ष... (निदान आमच्या वेळी तरी दाखवायचा. आताच्या पोरांचं माहीत नाही.) गावात भुईकोट किल्ला, शेजारी जगत्तुंग तलाव, त्यामुळे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे राजे आम्हाला गल्लीतल्या माणसांसारखे ओळखीचे वाटायचे. आमचे इतिहासाचे सर तर अमोघवर्षाबद्दल असे बोलायचे, जणू काल संध्याकाळी बसस्टँडवर भेटला होता.

आज मात्र मला दुसऱ्याच एका घराण्याची वंशावळ सांगायची आहे. ही पाच पिढ्यांची. हिचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही. असल्या वंशावळी मी पहिल्यांदा पाहिल्या त्या तंबूच्या तोंडाशी लावलेल्या रंगीत बोर्डांवर, माळेगावच्या जत्रेत.

माळेगाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कंधारहून लोहा, लोह्याहून लातूरच्या रस्त्याने थोडं पुढं गेलं की खंडोबाचं माळेगाव लागतं. (लोहा आता वेगळा तालुका आहे, पूर्वी आमच्या कंधारातच होता. हे सांगितल्याशिवाय कंधारचा माणूस पुढे जात नाही.) मार्गशीर्षात जत्रा भरते. देवस्वारी, पालखी, बेल-भंडाऱ्याची उधळण, कुस्त्या, आणि घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार. भटक्या जमातींच्या जातपंचायती इथेच भरायच्या. आणि या सगळ्याच्या एका अंगाला, ट्रकांच्या आडोशाने, तमाशाचे तंबू.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आजोबांचं बोट धरून चाललो होतो. तंबूच्या दारावर बाईचं मोठं चित्र, बल्बांची माळ, आणि खाली नावं. कुणी नारायणगावकर, कुणी नगरकर, कुणी जळगावकर. मला गंमत वाटली ती याची की या लोकांना आडनावंच नाहीत, नुसती गावं आहेत! मी वाचत उभा राहिलो तसा आजोबांनी हात जोरात ओढला.

"काय बघूलालास रे तिकडं? चल मुकाट्यानं. बैल बघायचेत."

बैल बघितले. तंबू राहिलाच. आमच्या घरात तमाशा हा विषय बोलायचा नाही, असं मी त्या दिवशी समजून घेतलं आणि नंतर वीस वर्षं त्याचा विचारही केला नाही.

विचार परत सुरू झाला तो भलत्याच ठिकाणी. कंपनीने मला तीन महिने ऑस्टिनला पाठवलं होतं, टेक्ससमध्ये. तिथला एक सहकारी शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला, चल तुला खरं टेक्सस दाखवतो, आणि ब्रोकन स्पोक नावाच्या जागी घेऊन गेला. बुटकं, लाल रंगाचं, गोठ्यासारखं बांधकाम, आणि दोन्ही बाजूंना अंगावर आलेल्या नव्या अपार्टमेंट्स. याला ते लोक हॉन्की-टॉन्क म्हणतात. म्हणजे दारूचा गुत्ता, नाचायची फरशी आणि गाणारं बँड, तिन्ही एका छपराखाली. जेम्स व्हाईट नावाच्या माणसाने सैन्यातून सुटून आल्यावर १९६४ साली ही जागा सुरू केली. बायको ॲनेटा बरोबरीने धंदा बघायची, मुली त्यातच वाढल्या, एक मुलगी तिथेच नाच शिकवते. जेम्स व्हाईट २०२१ मध्ये वारले, घरच्यांनी जागा चालू ठेवली. बॉब विल्स, अर्नेस्ट टब, विली नेल्सन असे तिकडचे दिग्गज या बुटक्या छपराखाली गाऊन गेलेत. त्यांच्या टोप्या, फोटो वगैरे एका खोलीत मांडून ठेवलेत आणि त्या खोलीला घरच्यांनीच नाव दिलंय 'टुरिस्ट ट्रॅप'. प्रामाणिकपणा असावा तर असा :-)

सहकाऱ्याने एक गोष्ट सांगितली, ती इंजिनीअर म्हणून डोक्यात बसली. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्ससच्या तेलविहिरींच्या आसपास असले गुत्ते उगवले. दिवसभर राबलेली माणसं तिथे यायची, बाटल्यांचा, भांडणांचा, नाचाचा हा गोंगाट. साध्या गिटारला त्यात कोण ऐकतो? अर्नेस्ट टबकडे तर तक्रारच आली होती म्हणे, की गर्दीच्या वेळी तुझी रेकॉर्ड ऐकूच येत नाही. मग त्याने १९४१ च्या 'वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू' मध्ये इलेक्ट्रिक गिटार घेतली. थोडक्यात, त्या संगीताचा आवाज तिथल्या गोंगाटाने ठरवला. आपल्या भाषेत सिग्नल-टू-नॉइज रेशो.

हे ऐकताना मला एकदम माळेगावचा तंबू आठवला.

कारण तमाशाचंही अगदी हेच आहे. उघड्या माळावर दोन-चार हजार माणसं बसलीत, पोरं रडतायत, बाहेर बैल हंबरतायत, आणि लाउडस्पीकर नावाची वस्तू अजून जन्माला यायची आहे. अशा ठिकाणी शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं कसं? तर सुरुवातच हलगी आणि ढोलकीने करायची. हलगी आधी जाळावर शेकून घेतात, चामडं ताणलं की तिचा आवाज शिवारापार जातो. तो ऐकून गाव समजतं, चला, उभे राहिले. ढोलकीची शाईची बाजू उंच सुरात लावलेली, दुसरी बाजू आतून भरण लावून जड केलेली, म्हणजे एका वाद्यातून दोन टोकांचे आवाज, आणि माणसाचा गळा त्या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत. मागे तुणतुणं, झांज. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे झील. मुख्य गाणारा ओळ संपवून श्वास घेतो, त्या क्षणी मागचे झीलकरी तीच ओळ टिपेला नेऊन लांबवत ठेवतात. आवाजात खंडच पडत नाही. मला हे कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. आमच्याकडे याला रिडंडन्सी म्हणतात आणि त्यावर प्रेझेंटेशनं देतात.

तर आता ती वंशावळ.

शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यांची मुलं भाऊ आणि बापू. फडाचं नाव भाऊ-बापू मांग नारायणगावकर. जात थेट बोर्डावर. आज आपल्याला हे वाचताना अवघडायला होतं, पण ढोलकी फडाची कला प्रामुख्याने मांग आणि महार घरांनी सांभाळली, आणि लोकांना ते माहीत होतं म्हणूनच ते असं लिहिलं जायचं. गंमत अशी की तमाशाचा इतिहास म्हणून आपल्याला शाळेत-बिळेत जे काही कानावर येतं त्यात सगळ्यात आधी नाव येतं पठ्ठे बापूरावांचं, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचं. ते मोठे होतेच, वाद नाही. पण शेकडो घरांच्या धंद्यात एक कुलकर्णी आला आणि इतिहासाने त्यालाच दारात उभं केलं, हे जरा विचार करण्यासारखं आहे.

भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ साली पंढरपुरात जन्मली म्हणून विठाबाई. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे, करवडीकर. त्यांनी स्वतःचा फड काढला, आणि त्यांच्याबरोबर बोर्डावर त्यांच्या मुलाचं, नितीनकुमारांचं नाव. नारायण, भाऊ-बापू, विठाबाई, मंगलाताई, नितीनकुमार. मोजा, पाच. आणि मधल्या दोन पिढ्यांत गादी बाईकडे आहे. आमच्या राष्ट्रकूटांच्या यादीत एकही बाई नाही, हे मला तेव्हा कधी खटकलं नव्हतं.

दुसरं घर खेडकर-सातारकरांचं. कांताबाई सातारकर जन्मल्या गुजरातेत, आईबाप दगडाच्या खाणीवरचे मजूर. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या उभ्या राहिल्या. खेडकर गेल्यावर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला. पुरुषांच्या भूमिकाही त्या करायच्या. मुलगा रघुवीर त्याच फडात वाढला, आणि बोर्डावर आई-मुलाची नावं जोडीने लागली. कांताबाई २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने गेल्या.

विठाबाईंची ती गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. गरोदर होत्या, दिवस भरलेले, खेळ चालू. कळा सुरू झाल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि परत बोर्डावर नाचायला आल्या. सगळे लेख या गोष्टीपाशी थांबतात आणि 'केवढी ही कलेवरची निष्ठा' वगैरे म्हणतात. मला खरं सांगायचं तर या वाक्याचा हल्ली राग येतो. निष्ठा होतीच हो. पण खेळ मोडला असता तर काय झालं असतं, हे कुणी विचारत नाही.

त्यासाठी फडाचा हिशोब समजून घ्यायला लागतो. मोठ्या फडात शंभरेक माणसं. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाले, सोंगाडे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्यात कमाई शून्य, पण चुली तर बारा महिने पेटायला लागतात. म्हणून मालक हंगामाच्या आधी प्रत्येकाला उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. ते तो स्वतः सावकाराकडून व्याजाने आणतो. मग हंगामभर फड पळतो तो ती उचल फेडायला. कमाईचे मार्ग दोन. मोठ्या जत्रेत तंबू ठोकून तिकिटं विकायची, नाहीतर गावजत्रेची सुपारी घ्यायची. सुपारी म्हणजे ठरलेली रक्कम, गावाला खेळ फुकट. नारायणगावात हंगामाच्या दिवसांत फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे येतात, राहुटी-राहुटीत बसून घासाघीस करतात आणि तारीख पक्की करतात. पाडव्याच्या सुमाराला तर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आणि सुपारीचा नियम साधा आहे. खेळ पूर्ण तर पैसे पूर्ण. खेळ मोडला की गाव हात आखडतं. कधी कधी दगडही येतात.

आता ती बाळंतपणाची गोष्ट परत वाचा. बाहेर हजारो माणसं बसलीत, बोर्डावर जिचं नाव आहे ती बाई आत गेलीय, आणि तिच्या मागे शंभर माणसांची उचल आहे, त्यांत तिचीच बहीण-भावंडं, पोरं. मालकीण तीच, हुकमाचा पत्ता तीच. फड म्हणजे घर आणि घर म्हणजे फड, हा जो कौटुंबिक धंद्याचा गोडवा आपण सांगतो ना, त्याची ही दुसरी बाजू. घर आहे म्हणून कला टिकली हे शंभर टक्के खरं. ढोलकीचे बोल कुठल्या वहीत लिहिलेले नाहीत, आईच्या मांडीवर झोपलेल्या पोराच्या कानात ते रोज रात्री पडतात आणि दहाव्या वर्षी ते पोर वाजवायला लागतं. पण घर आहे म्हणूनच सुट्टी नाही. राजीनामा देऊन जाणार कुठे?

विठाबाईंना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळालं. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून भरलं. २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. पदक माणसाला मिळतं, फडाचं कर्ज फडाकडेच राहतं.

तमाशाला सरकारचं प्रेम तसं उशिराच मिळालं. १९४७ साली मुंबईत खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांनी दाद मागितली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणा समिती आली, मजकूर तपासून परवाने देणं आलं. आमचं कंधार तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे मुंबईचा हुकूम आम्हाला लागू नव्हता! पण म्हणून इकडे तमाशाची चैन होती असं अजिबात नाही, ते रझाकारांचे दिवस होते, रात्री माळावर जमायची कुणाची छाती होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा सुधारलेला, परवाना काढलेला तमाशा आमच्या वाट्याला आला.

इथे एक खुलासा. फड वेगळा आणि संगीत बारी वेगळी. बारीत तंबू नाही, ट्रक नाही. एका जागी थिएटर असतं, आता त्याला कलाकेंद्र म्हणतात. तिथे वेगवेगळ्या पार्ट्या खोल्या घेऊन राहतात आणि आपापल्या पाळीला, म्हणजे बारीला, गातात-नाचतात. पेटी, तबला, ढोलकी, समोर बैठक, फर्माईश आणि दौलतजादा. पार्टी म्हणजे बहुतेक एकाच घरातल्या बाया, आई-मावशी-मुली, आणि वारसा आईकडून. जागेच्या अर्थाने हॉन्की-टॉन्कशी जास्त जुळतं ते हेच. पुण्याचं आर्यभूषण, चौफुला, मोडनिंब, जामखेड, आणि आमच्या बाजूला येरमाळ्याजवळचं चोराखळी. शंभरी पार केलेल्या यमुनाबाई वाईकर याच परंपरेतल्या, त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि त्या खोल्यांमागचं सगळं आयुष्य वाचायचं असेल तर किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचा. नव्वदीनंतर बारीतल्या बऱ्याच मुली मुंबईच्या डान्सबारकडे गेल्या. २००५ मध्ये ते बंद झाले तेव्हा काही परत आल्या, तोवर ऐकणारे बदलले होते. यावर एक वेगळा लेख होईल, आज एवढंच.

फडाकडे परत. टीव्ही आला, व्हीसीआर आला, ऑर्केस्ट्रा आला. फडांनीही की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड घेतले, गण-गवळण आखडली, मध्ये सिनेमाच्या गाण्यांची रंगबाजी लांबली. जाणकार याला भेसळ म्हणतात. मला ते अर्नेस्ट टबच्या इलेक्ट्रिक गिटारसारखं वाटतं. समोरचा गोंगाट बदलला, वाद्य बदललं. पण एका गोष्टीवर उपाय सापडलेला नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. परवानगी मिळाली तर मिळाली. तमाशा हा मुळात रात्रभराचा खेळ. वग, म्हणजे त्यातलं खरं नाटक, सुरूच व्हायचं मध्यरात्री आणि संपायचं झुंजुमुंजू होताना. आता दहाला आवाज बंद म्हटल्यावर आधी कापला जातो तो वग. ज्या संगीताला गोंगाटाने घडवलं त्याला शेवटी गोंगाटाच्याच कायद्यात बसवलं. त्यात २०२० आणि २०२१ चे हंगाम कोरोनाने बुडाले. उचल मात्र बुडाली नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी गावी होतो. बाबांना म्हटलं, माळेगावला जाऊ. पालखी झाली, घोडे बघून झाले. जिल्हा परिषदेच्या लावणी महोत्सवाच्या मांडवात थोडा वेळ बसलो, तिथे फुकट होतं आणि पुढाऱ्यांची भाषणंही फुकट होती. मग मी म्हटलं, तंबूत जाऊ या का? बाबा काही बोलले नाहीत, सरळ तिकिटाच्या खिडकीपाशी गेले.

आत बसल्यावर मी सहज म्हटलं, आजोबांनी मला इथून ओढून नेलं होतं, त्यांना तमाशाचा फार तिटकारा होता ना? बाबा हसले नाहीत.

"तिटकारा? अरे, ते जत्रा कमिटीत होते. फड ठरवायला तेच जायचे."

मग त्यांनी सांगितलं. चैत्रातली आमच्या गावची जत्रा, बाबा तेव्हा नववीत. फड आला, गण झाला, गवळण निम्म्यावर आली आणि अवकाळी कोसळला. तंबू नव्हता, सुपारीचा खेळ उघड्यावरच. लोक पळाले. सकाळी कमिटी बसली. खेळ पुरा झाला नाही, पैसे निम्मेच द्यायचे असं ठरलं. ते मोजून द्यायचं काम आजोबांकडे आलं. मालकीण साठीच्या पुढची बाई. भिजलेला पडदा पिळत होती. तिने हात पुसले, पैसे घेतले, मोजले नाहीत. भांडलीही नाही. फक्त विचारलं, पोरांपुरतं दूध मिळेल का गावात. आजोबांनी घरून चरवी भरून आणली तोवर ट्रक निघून गेला होता.

"त्याच्यानंतर कमिटी सोडली त्यांनी. माळेगावला दरसाल यायचे, पण तंबूकडून कधी गेले नाहीत. वळसा घालायचे," बाबा म्हणाले.

समोर रंगबाजी चालू होती. ढोलकीवर विशीतला पोरगा होता आणि त्याच्या मागे झांज घेऊन दहा-अकरा वर्षांचा अजून एक, चेहरा अगदी तोच. दहा वाजले तसा माईकवरून रसिक मायबापांचे आभार मानले गेले आणि आवाज बंद झाला. वग काही झाला नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा मागच्या बाजूला ट्रकात पेट्या चढवणं सुरू झालं होतं. तो झांजवाला पोरगा एका पेटीवर बसून परातीत काहीतरी खात होता.